आठ बाय दहा इंचांची भिंत

मंगळवार, चाळीसगाव

रेल्वेत टर्पेंटाइन नेता येत नाही. पेट घेणारा माल म्हणून बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. त्यामुळे तैलरंग घेऊन कुठेही निघालं की उतरल्यावर पहिलं काम म्हणजे रंगाचं दुकान गाठणं. चाळीसगावच्या बाजारात एका दुकानात अर्धा लिटर मागितलं, तर दुकानदारांनी विचारलं, "दरवाजे किती आहेत ताई? अर्ध्या लिटरमध्ये काय होणार?" एकच दरवाजा आहे, म्हटलं. तोही दोन इंचांचा. त्यांनी बाटली दिली, पण चेहऱ्यावरचं प्रश्नचिन्ह काही गेलं नाही.

नाशिकहून निघताना एवढंच ठरवलं होतं की एका साध्या राहत्या घराची तैलरंगात अभ्यासचित्रं करायची, जागेवर बसून, दिसेल तशी. किल्ले, देवळं, नक्षीदार वाडे काढणारे पुष्कळ आहेत. आमच्या शहरातल्या प्रदर्शनांत तर सागवानी चौकट, पितळी कड्या, दारात नऊवारीतली बाई आणि कोपऱ्यात कंदील एवढं मांडलं की चित्र विकलं जातं. चित्रकार गावात गेलेला असतोच असं नाही. खान्देशातली धाब्याची घरं, म्हणजे मातीच्या भिंती आणि वर सपाट मातीचं छप्पर, या बाजारात फारशी येत नाहीत. त्यांत सजवण्यासारखं काही नसतं.

गाडी सकाळीच पोचली होती, म्हणून स्टेशनाजवळचं केकी मूस यांचं घर पाहून घेतलं. जन्म १९१२ चा, मृत्यू १९८९ चा, आणि मधल्या आयुष्यातली जवळपास पन्नास वर्षं या पारशी कलावंतानं याच घरात, बाहेर न पडता काढली. आता तिथे संग्रहालय आहे. रोज रात्री पंजाब मेल येऊन गेल्याशिवाय ते जेवत नसत, असं चाळीसगावात कुणीही सांगेल. मला मात्र त्यांची टेबलटॉप छायाचित्रं जास्त वेळ धरून राहिली. घरातल्याच किरकोळ वस्तू टेबलावर मांडायच्या, त्यावर हवा तसा उजेड टाकायचा आणि बर्फातला रस्ता किंवा संध्याकाळचा देखावा उभा करून फोटो काढायचा. फोटोत ते टेबल आहे हे सांगूनही पटत नाही. कारागिरीला तोड नाही. पण मी तिथून बाहेर पडले ती थोडी उलट्या विचारात. ज्याला उजेड स्वतःच्या हातात हवा, तो दार लावून घेतो, आणि ते त्याच्या दृष्टीनं बरोबरच असतं. मी ज्या प्रकारचं काम करायला चालले होते त्यात उजेड उसना असतो आणि दोन तासांत परत करावा लागतो.

बुधवार, एरंडोलमार्गे

भडगाव-कासोद्यावरून एरंडोलची एसटी. गिरणेचं खोरं, दोन्ही बाजूंना कपाशी. वेचणी चालू होती. रस्त्याकडेच्या घरांच्या ओट्यांवर कापसाचे ढीग, त्यावर प्लास्टिक. खिडकीतून घरंच बघत गेले. जुनं धाबं, त्याला टेकून पत्र्याची खोली, पुढे स्लॅबचं नवं घर. एकाच कुटुंबाची तीन दशकं एका ओळीत उभी, असं बऱ्याच ठिकाणी दिसलं.

एरंडोलला बस बदलायची होती. पांडववाडा बाहेरूनच पाहिला. हे गाव एकेकाळी हातकागदासाठी नावाजलेलं होतं. जाडाभरडा देशी कागद इथे व्हायचा. आता त्यातलं काही बघायला मिळत नाही, पण मला तो संदर्भ सोडवेना, कारण तैलरंगातली जुनी अभ्यासचित्रं कॅनव्हासवर कमी आणि कागदावरच जास्त झालेली आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला इटलीत फिरणारे चित्रकार कागदाला सरस लावून त्यावर तैलरंगात झटपट काम करत. कागद हलका, पेटीच्या झाकणात मावणारा. फ्रेंच चित्रकार कोरो यानं १८२५ ते १८२८ या काळात रोमच्या आसपास अशीच कामं केली. ही चित्रं विकायची नसत. स्टुडिओतल्या मोठ्या चित्रासाठी घेतलेल्या नोंदी असत त्या. पुढे लोकांना मोठ्या चित्रांपेक्षा या नोंदीच आवडायला लागल्या, हा भाग वेगळा. त्या काळी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून न्यावा लागे. टोचा मारून रंग काढायचा आणि भोक खिळ्यानं बुजवायचं. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकारानं कथलाची ट्यूब शोधली आणि बाहेर बसून रंगवणं सोपं झालं. माझ्या पेटीत आज सहा ट्यूब आहेत. टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, अल्ट्रामरीन आणि एक लाल. त्यातल्या ऑकर, सिएना, अंबर या तीन मूळच्या मातीच आहेत. लोहाच्या गंजानं रंगलेली चिकणमाती. मातीची घरं काढायला याहून वेगळं काय लागतं?

गाव गिरणाकाठचं, नाव सांगत नाही, कारण घरच्यांना ते नकोय. मैत्रिणीचं माहेर. तिचे आबा, नानी, भाऊ, वहिनी आणि सहावीतला भाचा. पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. "बठा, बठा," करत नानींनी ओट्यावर सतरंजी टाकली. जेवायला शेवभाजी, कळण्याची भाकरी, ठेचा. शेवभाजीचा तर्रीदार रस्सा पाहून मी जरा थबकले, हे वहिनींच्या लक्षात आलं आणि त्यांनी न विचारता ताटात दही वाढलं.

गुरुवार, सकाळ

घरं दोन. मधे गल्ली. गल्लीच्या पूर्वेला जुनं धाब्याचं, तोंड पश्चिमेला. समोर, पश्चिमेच्या बाजूला, तोंड पूर्वेला करून भाऊंनी बांधलेलं स्लॅबचं नवं घर, पोपटी ऑइलपेंटचं. सगळे नव्या घरात राहतात. जुन्यात कापूस, धान्याच्या कोठ्या, फवारणीचे पंप, आणि एप्रिल-मे महिन्यांत स्वतः आबा. "स्लॅबखाले झोप येत नही," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जाणाऱ्या मुलखात याहून जास्त समजावायची गरजही नाही. दोन फूट जाड मातीची भिंत दुपारचं ऊन आत पोचू देत नाही. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडतो.

धाब्याची रचना डाव्या कोपऱ्यात उघडी पडली आहे, त्यामुळे ती शिकायला वेगळं पुस्तक नको. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर काड्यांचा थर आणि सगळ्यांवर वीतभर माती. ही माती शेतातली काळी चालत नाही. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. लागते गावठाणाच्या टेकाडाची पांढरी. दरवर्षी पावसाच्या आधी तिचा नवा थर देऊन चोपावा लागतो. ती कुठून येते हे विचारलं तर आबांनी गावाबाहेरच्या उंचवट्याकडे हात केला. असे उंचवटे म्हणजे बहुधा जुन्या वस्त्यांचे ढीग असतात. याच गिरणेच्या काठी चाळीसगाव तालुक्यातल्या बहाळला उत्खनन झालं तेव्हा खाली ताम्रपाषाणयुगापर्यंतचे थर निघाले. पडलेल्या घरांची माती, तीच पुन्हा उभ्या घरांवर.

आठ बाय दहा इंचांच्या बोर्डावर घरूनच बर्न्ट सिएनाचा पातळ हात देऊन आणला होता. पांढऱ्या बोर्डावर पांढरी भिंत काढायला बसलं की कुठला रंग किती गडद हे कळेनासं होतं. मधला तपकिरी रंग आधीच असला तर उजेड आणि सावली दोन्ही त्याच्याशी ताडून बघता येतात. सव्वाआठला ओट्यावर पेटी उघडली. डोळे बारीक करून आधी तीनच गोष्टी घेतल्या: आकाशाची पट्टी, भिंतीचा मोठा चौकोन, दाराचा काळोख. खिडकीचे गज, दाराच्या फळ्या, हे सगळं नंतर. आणि मोजपट्टी अजिबात नाही. या घरात एकही रेघ ओळंब्यात नाही. उजवी कड आत कलली आहे, दाराची चौकट बसली आहे, धाब्याची कड मधे वर आणि टोकांना खाली. पट्टी लावली की घर जातं आणि नकाशा उरतो.

यथार्थ चित्रण म्हणजे बारीकसारीक सगळं काढणं, असा आपल्याकडे एक समज आहे. फ्रान्समध्ये गुस्ताव कुर्बे या चित्रकारानं १८५५ मध्ये स्वतःचा मंडप उभारून त्यावर 'रिअॅलिझम' अशी पाटी लावली, तेव्हा भांडण तपशिलाचं नव्हतंच. चित्र कुणाचं काढायचं, याचं होतं. शेतकरी, खडी फोडणारे, गावातली मयत, हे राजेरजवाड्यांच्या मापाच्या कॅनव्हासवर का यावेत, हा लोकांचा राग होता. इमारतींच्या बाबतीतही तेच आहे. घुमटाला मान असतो. भिंतीला तिच्यावर काहीतरी लटकवल्याशिवाय मान मिळत नाही.

नऊच्या सुमाराला एक गंमत सुरू झाली. भिंत पांढऱ्या मातीनं पोतारलेली, सावलीतली. सावलीतली पांढरी भिंत निळसर दिसते, कारण तिच्यावर आकाशाचा उजेड असतो. वरच्या भागात ती तशी होतीही. पण छातीच्या उंचीपासून खाली ती हिरवी होत चालली होती. पाठीमागे वळून पाहिलं. सकाळचं ऊन समोरच्या पोपटी घरावर सरळ पडलं होतं आणि तो पोपटी रंग गल्ली ओलांडून जुन्या घराच्या अंगावर येत होता. अल्ट्रामरीनमध्ये ऑकर, त्यात भरपूर पांढरा, चिमूटभर लाल घालून हिरव्याचा तोरा उतरवला आणि भिंतीच्या खालच्या अर्ध्यात भरला. त्याहून खाली, अगदी ओट्याजवळ, शेणानं सारवलेल्या जमिनीचा तपकिरी उजेड. म्हणजे एका पांढऱ्या भिंतीत तीन रंग, आणि ट्यूबमधला पांढरा जसाच्या तसा कुठेच नाही.

आबा मागे येऊन उभे होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग, "ताई, भिंत ते पांढरी शे, हिरवी काबर करतस?"

तुमच्या भाऊचा रंग आहे हा, मी म्हटलं, आणि त्यांना माझ्या जागेवर बसवलं. नवं घर हातानं झाकून बघा, मग हात काढून बघा. ते तसं काही करेनात. पण भाच्यानं एक जुनी चादर आणली, दोघा पोरांना हाताशी घेतलं आणि नव्या घरासमोर ती आडवी धरली. जुन्या भिंतीवरचा हिरवा विरला. चादर काढली, पुन्हा आला. मग हा खेळ अर्धा तास चालला. चादरीचा रंग गुलाबी असल्यामुळे माझी भिंत त्या वेळात काय काय झाली ते सांगायला नको. चहा पिऊन घेतला.

साडेदहाला ऊन चढून समोरच्या घरावर वरून पडायला लागलं, हिरवा ओसरला आणि मी ब्रश ठेवला. अशा कामात सुरुवातीला जो उजेड धरला तोच शेवटपर्यंत पाळायचा असतो. सावलीच्या मागे धावत राहिलं तर चित्रात चार वेगवेगळ्या वेळा शिरतात आणि घर कुठल्याच वेळेचं राहत नाही.

गुरुवार, दुपार

भाच्यानं विचारलं, पांढऱ्या मातीचाच रंग का नाही करत? चांगला प्रश्न होता. खांबाजवळचं ढेकूळ घेतलं, पाट्यावर वाटलं, वहिनींच्या पिठाच्या चाळणीतून (त्यांच्या परवानगीनं, आणि ती चाळणी आता मातीचीच झाली) चाळलं. अर्धं पाण्यात कालवलं, अर्धं जवसाच्या तेलात घोटलं. पाण्यातलं वाळून लख्ख पांढरं झालं. तेलातलं मात्र ओल्या गोणपाटाच्या रंगाचं, मळकट आणि अर्धपारदर्शक. पोऱ्या हिरमुसला.

त्याचं कारण असं. पांढरेपणा म्हणजे बारीक कणांवर उजेड आदळून परत येणं. माती आणि हवा यांच्यात उजेड वळायच्या प्रमाणात मोठा फरक असतो, म्हणून कोरडी माती पांढरी दिसते. तेल आणि माती यांच्यात तो फरक फारच कमी. उजेड कणांमधून आरपार जातो आणि पांढरेपणा संपतो. खडूचंही तेच. म्हणून तैलरंगासाठी शिसं, जस्त किंवा टायटॅनियमचा पांढरा लागतो, ज्यांचे कण तेलातही उजेड परतवतात. पण ती माती फुकट गेली नाही. पांढऱ्या रंगात ती मिसळली की रंगाला अंग येतं, सुरीनं थापला तर थापलेला राहतो. दुपारच्या दुसऱ्या बोर्डावर भिंतीचा खालचा, पोपडे आलेला भाग त्याच मिश्रणानं केला. बोट फिरवलं तर खरखरतं.

दुपारी तीननंतर ऊन जुन्या घराच्या तोंडावर येतं. हिवाळ्यातलं, उजवीकडून तिरकं. धाब्याच्या पुढे आलेल्या कड्यांची सावली भिंतीवर दातेरी पडते. त्या सावलीत जरा जास्त निळा घातला तर भिंत सिमेंटची वाटते, जास्त तपकिरी घातला तर मळकी. मधली जागा अगदी अरुंद आहे. तिथेच सगळा वेळ गेला.

पन्हाळीखाली भिंतीवर पाण्याचा एक लांब ओघळ आहे. वर गडद, खाली फिकट, जमिनीपाशी शेवाळलेला. तो काढताना मला थॉमस जोन्सची भिंत आठवणारच होती. हा वेल्समधला चित्रकार, १७८२ च्या सुमाराला नेपल्समध्ये भाड्यानं राहत होता. त्यानं समोरच्या घराची भिंत काढली. चित्र ११.४ बाय १६ सेंटिमीटर, म्हणजे पोस्टकार्डाएवढं. एक दार, छोटी गॅलरी, वाळत घातलेले कपडे, बांधकामाच्या वेळी परांची अडकवायला ठेवलेली भोकं आणि गॅलरीखाली ओघळाचा डाग. माणूस नाही, दृश्य नाही. कागदावरचं हे तैलचित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्याच्या वंशजांनी १९५४ मध्ये ही कामं विक्रीला काढली, तोवर त्यांची कुणाला खबर नव्हती. जोन्सला स्वतःला आपण मोठ्या निसर्गचित्रांचे चित्रकार आहोत असंच वाटायचं.

त्या भिंतीवर ओघळ आहे, माझ्याही आहे. पण माझ्या भिंतीवर आणखी एक डिश अँटेना आहे, विजेचा मीटर आहे, आणि दाराशेजारी निळा प्लास्टिकचा पिंप. आता खरी परीक्षा. ते काढायचे की गाळायचे? गल्लीतल्या प्रत्येकानं, अगदी प्रत्येकानं, "ते डिश नका काढू, बाकी छान आहे," असा सल्ला दिला. नानी तर पिंप उचलायलाच निघाल्या होत्या. लोकांना आपलं जुनं घर जुनंच दिसायला हवं असतं. शहरातल्या गिऱ्हाइकालाही तसंच हवं असतं, फरक इतकाच की नानी त्या घरात राहिल्या आहेत. मी पिंप ठेवला. तो निळा, ट्यूबमधून जवळजवळ तसाच्या तसा लावलेला अल्ट्रामरीन, पूर्ण चित्रातला एकमेव कच्चा रंग आहे, आणि त्याच्यामुळेच भिंतीचा पिवळसर उजेड पिवळसर दिसतो. डिश ठेवली, तिची सावलीही ठेवली. मीटर गाळला नाही, पण तो दोन फटकाऱ्यांत संपवला.

शुक्रवार

सकाळी धुकं, मग ढग. उजेड सपाट. गुरुवारच्या दोन्ही बोर्डांना हात लावला नाही. घरी बसून भरीत. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली, बडजीत, म्हणजे लाकडी भांड्यात, घालून कुटली, मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. हे भरीत पुण्या-मुंबईत मिळतं तेव्हा त्यात टोमॅटो असतो. असो.

संध्याकाळी वहिनी म्हणाल्या, "ताई, तुम्ही जुनंच घर काढलं. आमचं नवं नाही आवडलं का?" हसत म्हणाल्या, पण अगदीच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. हे घर उभं करायला त्यांनी कापसाचे किती हंगाम घातलेत ते त्यांनीच सांगितलं. पंचायतीच्या कागदपत्रांपासून ते रंगाच्या छटेपर्यंत सगळं त्यांनी निवडलं होतं. पोपटी त्यांचाच.

शनिवार

पोपटी घर काढायला बसले. मातीच्या भिंतीपेक्षा हे अवघड निघालं. मातीच्या भिंतीवर ब्रश कसाही फिरला तरी तो फटकारा भिंतीत खपतो. ऑइलपेंटची सपाट, चकचकीत भिंत असली की तिच्यावर काय करावं ते सुचत नाही. भिंत म्हणून तिच्यात काहीच घडत नाही. मग लक्षात आलं की या घरात जे घडतं ते वर घडतं. स्लॅबच्या कडेनं प्रत्येक कॉलममधून सळया वर आलेल्या आहेत, हातभर उंच, गंजलेल्या. पुढेमागे वरचा मजला चढवायचा म्हणून ठेवलेल्या. खान्देशातलं काय, महाराष्ट्रातलं कुठलंही नवं घर अशा सळयांशिवाय दिसत नाही, आणि चित्रात त्या मी तरी कधी पाहिलेल्या नाहीत. बर्न्ट सिएना, थोडा लाल, पातळ ब्रश, खालून वर एकाच ओढीत. मागे फिकट आकाश. दोन सळयांमध्ये दोरी, दोरीवर शाळेचा गणवेश.

पोपटी रंगासाठी माझ्याकडे योग्य ट्यूबच नव्हती. ऑकर आणि अल्ट्रामरीनमधून तो ताजेपणा येत नाही, हिरवा होतो पण म्हातारा होतो. भाचा धावत जाऊन घर रंगवून उरलेला डबाच घेऊन आला. ऑइलपेंट चित्राच्या तैलरंगात मिसळणं पाठ्यपुस्तकाप्रमाणे वर्ज्य आहे. दोन्ही वेगवेगळ्या वेगानं वाळतात, पुढे तडे जाऊ शकतात. डबा परत पाठवला आणि आबांच्या कपाटातल्या, मैत्रिणीच्या शाळेपासून पडून असलेल्या जलरंगाच्या पेटीतला पिवळा बघून घेतला. तोही चालणारा नव्हताच, पण किती पिवळा कमी पडतोय ते त्यावरून कळलं. शेवटी हिरवा मुद्दाम फिका ठेवला आणि त्याच्या शेजारचं सगळं आणखी तांबूस केलं. सळया, गल्लीची माती, दाराचा उंबरठा. तांबड्याशेजारी फिका हिरवाही बोलायला लागतो. वहिनींना तो पोपटीच दिसला. तो बोर्ड त्यांनाच दिला. गुरुवारचे दोन मी घेतले.

ओले बोर्ड नेण्याची एक सोपी युक्ती आहे. रंगाच्या बाजू समोरासमोर आणायच्या, चारही कोपऱ्यांत बाटलीच्या बुचाचे तुकडे ठेवायचे आणि सुतळीनं करकचून बांधायचं. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, त्यामुळे वेळ लागतो. अंबरमध्ये मँगनीज असतं, तो भाग दोन दिवसांत हाताला लागेनासा झाला होता. पांढरा भरपूर असलेली भिंत अजून चिकट होती.

रविवार, भुसावळ

परतीची गाडी भुसावळहून धरली, त्याला कारण होतं. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला तैलरंगात करणारा मेजर रॉबर्ट गिल १८७९ मध्ये वारला. त्याचं थडगं भुसावळच्या जुन्या युरोपियन दफनभूमीत आहे. कंपनी सरकारनं १८४४ मध्ये त्याला या कामावर नेमलं. वर्षानुवर्षं लेण्यांत त्यानं भलेमोठे कॅनव्हास भरले. ते लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगले गेले आणि १८६६ च्या आगीत त्यातले बहुतेक जळाले. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले, १८७२ ते १८८५ पर्यंत पुन्हा नकला केल्या. १८८५ मध्ये त्यांतल्याही बऱ्याच लंडनमध्ये आगीत गेल्या. दोन्ही वेळा तैलरंगच. खान्देशाच्या वेशीवर तैलरंगाला दीडशेहून जास्त वर्षं झाली, पण हे सगळे चित्रकार ज्या गावांतून बैलगाडीनं लेण्यांकडे जात, त्या गावांच्या भिंती कुणी त्या इतमामानं रंगवल्याचं माझ्या वाचनात नाही.

वेळ होता, म्हणून बसनं फैजपूरला जाऊन आले. केळीच्या बागांमधून रस्ता. १९३६ च्या डिसेंबरात इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. गांधीजींच्या सांगण्यावरून चित्रकार नंदलाल बोसांनी मंडपांची आणि कमानींची सजावट गावात मिळणाऱ्या सामानातून, बांबू-लाकडातून केली. अधिवेशन संपलं, सगळं उतरवलं. बांबू ज्यांचे होते त्यांच्याकडे गेले असतील, आणि त्यांतले काही एखाद्या गोठ्याच्या छपरात लागले असतील, असं आपलं माझ्या मनात आलं. यासाठी माझ्याकडे पुरावा काही नाही.

भुसावळ फलाटावर असताना वहिनींचा फोन. चित्र दिवाणखान्यात लावलंय, समोरच्या भिंतीला. काच लावून फ्रेम करू का? नको, म्हटलं, सहा महिने तरी नको, हवा लागू द्या. आणि ओल्या फडक्यानं पुसू नका. "मग धूळ बसली तर?" मऊ कोरडा ब्रश. "रंगाचा चालेल का, घर रंगवायचा?" नवा असेल तर चालेल. मग आवाज थोडा खाली आणून, "ताई, त्या सळया दिसतात चित्रात. मजला चढला की त्या काढाल का?"

म्हटलं, मजला चढला की नवं चित्र काढू.

"मग लवकर नाही यायचं तुम्ही," त्या म्हणाल्या. "यंदा कापसाला भाव कुठंय?"